पुढच्या सीटवरची बॅग

गाडी सुरू केली की टिंगटिंग सुरू होते.
पुढच्या सीटवर शलाकाची दुसरी बॅग असते,
बॅट, कॅचरचा मास्क, नडग्यांचे पॅड,
आणि गाडीला वाटतं माणूस बसलंय,
माणसानं पट्टा लावलेला नाही.
मी बॅगेला पट्टा लावते.
उम्म अल हसम ते ईसा टाऊन, ईसा टाऊन ते हिद्द,
सहा महिने असंच चाललंय.

मागच्या सीटवर ती, अर्धी निळी, अर्धी पिवळी:
शाळेची पँट, क्लबचे मोजे.
एका सिग्नलला एक संघ उतरवते,
पुढच्याला दुसरा चढवते.

आतापर्यंत जमलं.
शाळेचा सराव चारला, क्लबचा मगरिबनंतर,
मधे पुलावर एक केळं.
मग या शुक्रवारी दोन्ही सामने आले
साडेपाचला,
आणि पोरीनं दोन्हीकडे 'हो' म्हणून ठेवलेलं.

"शाळेचं सर्टिफिकेट मिळतं,"
यांनी ताटातून मान वर न करता निकाल दिला.
खरं आहे. शाळेकडे सोळा मुली,
बाकावर बसायलाही नंबर लागतो.
क्लबकडे नऊ.
नववी ही.
रोवेना कोच दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत असते,
रेषा आखायचा चुना स्वतःच्या पैशानं आणते,
आणि तिची दालिसाय टाकते तो चेंडू
ऐन शेवटी असा बुडतो
की शलाकाखेरीज कुणाच्या ग्लव्हला सापडत नाही.
पण शब्द आधी शाळेला दिला होता.
तेही खरंच.

बुधवारी रात्री म्हणाली,
"आई, तूच मेसेज कर ना बिनॉय सरांना.
ताप आलाय म्हण."

अमरावतीला मी तिसऱ्या बेसवर खेळायचे.
जिल्ह्याचा सामना होता त्या पहाटे
मी नागपूरची गाडी धरली, विद्यापीठाच्या निवडीसाठी.
कुणाला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर
नको म्हणाल्या नसत्या बहुतेक.
निवड झाली नाही, ते सोडा.
पुढे कितीतरी वर्षांनी बडनेऱ्याच्या फलाटावर
कुंदा खोब्रागडे भेटली, हातात डबा, घाईत,
हसत हसतच म्हणाली,
"काऊन वं, दुसऱ्या इनिंगपर्यंत
आम्ही गेटाकडंच पाहत होतो."

हे मी पोरीला सांगितलं नाही.
फोन तिच्या हातात दिला.
"ताप नाहीये तुला. कुठे जायचं ते तू ठरव.
आणि बोल."

बाथरूमचं दार लावून बोलली, नळ सोडून.
इथलं पाणी समुद्रातून गाळून येतं,
एरवी मी ओरडले असते.
बाहेर आली तेव्हा नाक लाल.
"पुढचे दोन सामने बाकावर, म्हणाले."
"आणि?"
"आणि म्हणाले, आज सांगितलंस ते बरं,
ऋतिकाला तयार करायला उद्याचा दिवस तरी मिळेल."

शुक्रवारी हिद्दला हवा ओल्या फडक्यासारखी.
तिसऱ्या इनिंगमध्ये अजान झाली,
अंपायरनं हात वर केला, सगळ्यांनी पाणी प्यायलं.
दालिसायचा चेंडू दोनदा शलाकाच्याही हातून सुटला.
एकदा मास्क काढून ती रस्त्याकडे बघत राहिली,
ईसा टाऊन जिकडे आहे तिकडे.
अकरा-चार हरलो.
रोवेनानं सगळ्यांना उकडलेले शेंगदाणे वाटले,
आठ नाही, नऊ पुड्या.

परतताना ती पुढे बसली,
बॅग मागे फेकली.
टिंगटिंग.
"पट्टा," मी म्हटलं.
"थांब ना." आधी पॅडचे बक्कल सोडवत बसली.
पुलापर्यंत गाडी ओरडत राहिली
आणि दोघींपैकी कुणीच तिला गप्प केलं नाही.

मग खिडकीकडे बघत,
"रविवारी शाळेचा सराव आहे.
बाकावरच्यांनीही जायचं असतं का गं?"
"हो."
"मग निळी पँट
आजच धुवायला टाकावी लागेल."