रिकामा काटा

देवळीच्या जिनात डोमाजी उमाटे तोलाई करायचे.
डिसेंबरची कोरडी ठणठणीत हवा,
सरकीपासून सुटलेली रुई
माझ्या हातावर येऊन चिकटायची,
झटकली तरी परत यायची
ओळखीच्या कुत्र्यासारखी.

का चिकटते, मी विचारलं.
"मले काय मालूम? शायेत तू जातं ना, तू सांग."
आणि गाडी घ्यायच्या आधी
फुंकर मारून रिकामा काटा निरखायचे.
"रिकामाच खोटं बोलत असन,
त मालाले काय दोष?"

एवढ्या भांडवलावर निघालो.
परमुलखात एक तळघर, खिडकी नसलेलं,
स्टीलच्या भांड्यात कोंडलेली
उणे दोनशे एकोणसत्तर अंशांची थंडी.
एकतीस वर्षं एका आकड्याच्या मागे.
दशांशानंतरचं सहावं घर पक्कं केलं,
सातव्याचं दार आतून कुणीतरी धरून होतं.
रोज सकाळी आधी रिकामं मोजायचो.
पोरं हसायची, सरांचं शून्य सुरू झालं.
त्या शून्यानंच एकदा आठ महिने फसवलं;
छापायला गेलेला निबंध मी परत मागवला.
त्या रात्री गाढ झोप लागली.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

परवा गावच्या शाळेत सत्कार.
हार, नारळ, माईकची शिट्टी.
सातवीतली रुचिका कोवे उठली,
"सर, रुई हाताले काहून चिकटते?"
मी फळ्यावर धन काढला, ऋण काढला.
"थे पुस्तकात हाय. पण कोनं द्याचं
न कोनं घ्याचं, हे कोन ठरवते?"

खडू बोटांत तसाच.
इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यावर
जाणते लोक अजून भांडतायत.
पन्नास वर्षांत न बोललेली बोली
आपसूक तोंडात आली,
"मले नाई मालूम, बाई."
मुख्याध्यापकांनी घाईघाईनं आभार मानले.
रुचिका वहीत काही लिहीत होती.
काय, ते वाकून पाहिलं नाही.

परतताना जिनावरून आलो.
आता ट्रकचा इलेक्ट्रॉनिक काटा.
वर कुणी नाही, काही नाही,
तरी लाल आकडे वीस किलो दाखवत होते.
मी वाकून फुंकर मारली.
वीसच.
मग खुर्चीत मोबाइल बघत बसलेल्या पोराला
हाक मारली.