साडेनऊची ढुशी

दिवसभर मी शिंपले निवडते.
चिलोएच्या आमच्या बेटावर थंडीत दुसरं काम नसतं.
पट्ट्यावरून काळी, ओली रास सरकत येते.
मिटलेला जिवंत, तो पेटीत.
उघडा मेलेला, तो बादलीत.
अर्धवट उघडा असेल तर टिचकी मारायची
आणि थांबायचं.
अकरा वर्षं झाली. आता हातच ओळखतात.

पोटातल्याला ओळखायला मात्र वेळ लागला.
सगळ्या म्हणायच्या, मासोळी फिरल्यासारखं वाटतं.
मला आधी बटाट्यांचा वात वाटला,
मग कुणीतरी आत पीठ मळतंय असं,
कंटाळून, एकाच हातानं.

सातव्या महिन्यानंतर त्याची दिनचर्या लागली.
मी पट्ट्याशी उभी असले की ते झोपायचं,
बसले की जागं.
दुपारी उचक्या, टक टक टक, एका तालात.
आणि रात्री साडेनऊला
उजव्या बरगडीखाली ढुशी.
रुबेन तिला शेवटची लाँच म्हणायचा.
ती लागल्याशिवाय दिवा मालवत नसे.

दर दुसऱ्या गुरुवारी सुईणबाई एर्सिलिया येते,
ओल्या बुटांनी, वजनकाटा काखेत मारून.
ती म्हणाली, "आकड्यांच्या नादी लागू नकोस.
दहा वेळा हललं की वीस, ते शेजारणीच्या पोराचं गणित.
तुझ्याची खोड ओळख.
उचक्या धरू नकोस त्यात.
खोड मोडली की निघ.
उजाडायची वाट बघू नकोस."

शेजारची रोसेंदा म्हणाली,
"दिवस भरत आले की बाळ गप्प होतंच.
जागा कुठे उरते त्याला?
माझी सहाही शेवटी शेवटी निवांत होती."
आणि नावं घेत बोटं मोजताना
पाचावर थांबली.

त्या रात्री साडेनऊ झाले.
पावणेदहा.
सफरचंदाचा गार रस प्यायले,
डाव्या कुशीवर वळले,
पोटावर तळवा ठेवून पडून राहिले.
चुलीत लाकूड तडकलं तेवढंच.
दहा वाजून वीस मिनिटांनी
मी बोटानं टिचकी मारली
आणि थांबले.

रुबेन म्हणाला, "झोपलं असेल गं."
मग माझ्या तोंडाकडे बघितलं
आणि बूट शोधायला लागला.

नेमकी ओहोटी.
आमच्याकडे समुद्र बघता बघता दोन मजले खाली उतरतो.
लाँच चिखलात कुशीवर पडलेली,
माझ्यासारखी.
ओलेगारिओ आला, त्याची दोन्ही पोरं आली,
आणि दाराआडून सगळं ऐकलेली रोसेंदा,
नाईटगाऊन खोचून गुडघाभर चिखलात,
एक शब्द न बोलता
सगळ्यांपेक्षा जोरात ढकलत.

कास्त्रोच्या दवाखान्यात दोन पट्टे बांधले, थंडगार.
यंत्रातून येतो तो आवाज घोड्याच्या टापांसारखा, म्हणतात.
मला वाटलं, शिंपलेच चाललेत पट्ट्यावरून,
भरभर, न संपणारे,
एकूण एक मिटलेले.
मी रडले नाही. रुबेन रडला.
पावणेतीनला पट्टाच उडाला,
सुईनं कागदावर डोंगर काढला.

मी म्हटलं, "उगाच त्रास दिला तुम्हाला."
रात्रपाळीचा पोरगेला डॉक्टर कागद वाचत होता.
मान वर न करता म्हणाला,
"उद्या असंच वाटलं तर उद्याही त्रास द्या."

भरतीबरोबर परतलो.
धक्क्यावर रोसेंदा होती, काही विचारलं नाही तिनं.
माझ्या कोटाची बटणं काढून हात आत घातला,
जरा वेळ ठेवला.
"आत्ता झोपलंय," मी म्हटलं, "साडेनऊला येतं ते."

सव्वानऊलाच ती आमच्या चुलीशी येऊन बसली.
लोकर विणत.
घड्याळाकडे पाठ करून.