खिळ्यावरचा मादे

फेब्रुवारीत एक सकाळ अशी येते:
उणे बावीस, धुराड्यातला धूर काठीसारखा उभा,
आणि आमच्या सरपणाच्या खोपीवर
त्याच जुन्या खिळ्याला
लटकलेला असतो मादे.

चिठ्ठी नाही. बर्फात बुटांचे ठसे,
येतानाचे, जातानाचे,
डावा पाय जरा ओढलेला.
म्हणजे ओइवा, माझा थोरला दीर.

एकोणीस वर्षं भाऊ भाऊ बोलत नाहीत.
तळ्याकाठच्या नावघरावरून झालं होतं,
कुणाच्या हद्दीत किती खांब.
बाकीचं मी विसरले. तेही विसरले असतील,
पण विसरलो हे सांगायलासुद्धा
आधी बोलावं लागतं.

मादे हे नावच त्याचं, नर असो की मादी.
दिसायला ध्यान!
बेडकाचं तोंड, सापाची शेपूट,
हनुवटीला लोंबणारी एकच मिशी.
सून हेलसिंकीची; पहिल्यांदा पाहून म्हणाली,
हे खातात?
खातात, बाई.
बाकीचे मासे तळाशी गपगार पडून उन्हाची वाट बघतात,
हा ऐन गारठ्यात, बर्फाच्या छपराखाली,
काळोखात आपलं लग्न लावून मोकळा होतो.

कातडं मीच काढते. तौनोचे हात आता थरथरतात.
मानेभोवती सुरी फिरवायची,
पकडीनं कड धरायची
आणि ओला मोजा पायातून ओढावा
तसं एका दमात खाली.
आत हा इतका गोरा
की दरवर्षी मीच ओशाळते,
न विचारता कुणाचं दार उघडल्यासारखी.

दरवर्षी पोट आधीच चिरलेलं असायचं.
गाबोळी जागच्या जागी,
काळीज गायब.
भावाला मासा द्यायचा, काळीज ठेवून घ्यायचं,
हा ओइवाचा हिशेब.
तौनो म्हणायचा, "चोर,"
आणि सूप दोनदा मागून घ्यायचा.

यंदा पोट अखंड.

मी सुरी अगदी हलक्या हातानं चालवली.
पित्ताची पिशवी फुटली की सगळंच कडू,
ती आधी सोडवली, अंगठ्याएवढी, हिरवी,
आणि दूर बर्फात भिरकावली.
काळीज हातात आलं:
फिकं, लोण्याच्या रंगाचं,
तळव्यातून बाहेर सांडणारं.
खिडकीशी नेऊन पाहिलं. एक डाग नाही.

मग नेहमीचंच.
डोक्याचा अर्क, बटाटे, कांदा,
लवंगेच्या वासाचे ते थोरले मिरे,
शेवटी दूध, आणि दूध उकळायच्या आत मासा.
याला चवच नाही म्हणतात लोक.
आहे की!
जिभेवर जरा थांबायला हवं,
तेवढंच तर कुणी थांबत नाही.

तौनोच्या वाटीत मी काळीज ठेवलं.
त्यानं पाहिलं. चमचा खाली ठेवला.
भिंतीवरचं घड्याळ मला पहिल्यांदाच ऐकू आलं.
"आजारी आहे तो," म्हणाला.
"किंवा डॉक्टरनं बंद केलं असेल," मी म्हटलं,
"त्याला सांध्यांचं दुखणं आहेच की."
"नाही," म्हणाला. "काळीज त्यानं सोडलं नसतं."

चमच्याच्या कडेनं दोन भाग केले त्यानं.
एक खाल्ला, डोळे मिटून, पोरासारखा.
दुसरा दुधाच्या किटलीत, वर सूप, वर शेपू.
टोपी घातली. काढली. पुन्हा घातली.
"किटली सरळ धर," एवढंच मी बोलले.

आता खिडकीतून दिसतोय:
ओढलेल्या पायाच्या ठशांशेजारून
याचे ठसे चाललेत,
आणि नावघरापाशी येऊन थांबलेत.
किटली या हातातून त्या हातात.

सूप निवेल, बाबा.

मी गाबोळीवर कांदा चिरते, मीठ घालते,
काळ्या आंबूस पावाची जाड फोड कापते.
मासा चमच्यानंच पाकळी पाकळी सुटतो.
ताटाच्या कडेला काटे लावत जाते,
आणि वर बघत नाही.