दुसरी कडी

एइबारच्या उतारावरल्या कारखान्यात
बित्तोर कानस चालवतोय
तांदळाएवढ्या पोलादावर.

खटका लावला की चाप अडतो,
घोडा नाही.
तो आत तसाच, दबा धरून.

कोल्दोची कुत्री लाडानं अंगावर झेपावली,
बंदूक दगडावर आपटली,
पाय गेला.
"चापावर बोट नव्हतंच,"
अजून सांगतो तो, कुणी विचारलं नाही तरी.

म्हणून ही दुसरी कडी:
पहिली निसटली तर घोड्याला
अर्ध्या वाटेत धरणारी.
एरवी जन्मभर
तेल पीत नुसती बसून.

बित्तोर नळ्या रिकाम्या बघतो, दोनदा,
घोडे चढवतो,
लाकडी हातोडीनं दस्त्यावर मारतो.
टक्.
पुन्हा.

दारात कुबडीवर रेललेला कोल्दो,
उरल्या पायाशी तीच कुत्री,
ओठांत आकडे मोजतोय:
सदतीस, अडतीस.