जुनं कापड

हॉर्नच्या भूशिराशी आज एकोणिसावा दिवस.
दिवसभर पश्चिमेला जातो, रात्रीत तेवढेच मागे येतो.
नकाशावर कप्तानाची पेन्सिल
एकाच जागी कागद झिजवते आहे.

बिस्किट आधी फळीवर आपटायचं,
किड्यांना निघून जायला वेळ द्यायचा.
म्हातारा एब्नेझर तेवढाही देत नाही.
दात उरलेत तीन, हिरड्या काळ्या,
आणि गुडघ्यावरची बावीस वर्षांपूर्वीची जखम
परत उघडली आहे,
जुनी देणी अंगाला आठवावीत तशी.

मी शिडं शिवणारा.
माझ्याकडे सात दाभणं, मेणाचा गोळा,
आणि स्वॉन्झीच्या धक्क्यावर हवाली केलेलं एक पोर, इदवाल.
वय पंधरा सांगायचा. तेरा असेल.
टाका त्याचा तिरका, कायम डावीकडे कलता,
वाऱ्याला खांदा देऊन चालणाऱ्या माणसासारखा.
उसव, म्हणायचो. उसवायचा.
पुन्हा तिरका.

काल पहाटे वरच्या परभाणावर
बर्फानं फळीसारखं झालेलं शीड आवळताना
त्याचा हात सुटला.
ओरडला नसावा. वारा इतका होता की
ओरडला असता तरी काय.
आवाज आला तो डेकचा.

कप्तान म्हणाला, नवं कापड वापरू नकोस.
चुकीचं नव्हतं त्याचं. एकच गुंडाळी उरलेली,
आणि भूशीर अजून पुढेच.
म्हणून जुन्यातलं उपसलं. हाताला आलं
पुढच्या शिडाचं फाटकं, त्यावर एक ठिगळ,
डावीकडे कललेलं.

ते उसवलं नाही.

पायाशी वजनाला कोळसा घातला,
घरून भरून आणलेला.
त्याच्या बापानंच खणलेला असेल, कुणी सांगावं.
शेवटचा टाका नाकातून घ्यायचा रिवाज,
माणूस खरंच मेलाय याची खात्री म्हणून.
एब्नेझर कंदील धरून उभा होता. घे, म्हणाला.
मी त्याच्याकडे पाठ केली,
दोरा तोडला,
घेतला, म्हणालो.

दुपारी वरचं शीड पुन्हा फाटलं.
नवी गुंडाळी सोडून बसलो. बोटं सुजलेली,
मीठ भेगांत गेलेलं, जहाज एका कुशीवर.
चार हात शिवून झाल्यावर पाहिलं,
टाके डावीकडे चाललेत.

वरून हाका येताहेत.
उसवायला वेळ नाही.