नऊ इंच

खालची बॉक्स स्प्रिंग ठेवायची की काढायची,
एवढाच प्रश्न होता.
नवी गादी ट्रकमधून मी उतरवली,
डिलननं दुसरं टोक धरलं,
आणि लेम्पी कांगस, वय एक्याऐंशी,
दारातच म्हणाली, आधी बूट काढा.

दुकानाचं म्हणणं मला पाठ आहे.
गादी फोमची असेल तर खाली स्प्रिंगा नकोत,
पट्ट्या पुरतात, तीन इंचांहून मोठी फट नको,
मधल्या दांड्याला पाय हवा,
नाहीतर गॅरंटी गेली.
हवामानाच्या बातम्या ऐकतात
तसं तिनं ते ऐकून घेतलं.

जुनी गादी उचलली.
पेटीच्या बरोबर मधोमध करवतीची रेघ.
"जिना वळतो ना. त्र्याहत्तर साली ही वर येईना.
वाइनोनं अंगणात, बर्फावर ठेवून कापली,
वहीसारखी मिटून वर आणली.
बिजागऱ्या दाराच्या आहेत. पितळी."
डिलन हसला.
मग वाकून बघितलं त्यानं,
आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

ऑक्टोबरात तिचा खुब्याचा सांधा बदलला.
मुलगी मार्लीन, फोनवरून, स्पीकरवर :
ते खोकं काढा, आईचे पाय लोंबतात.
लोंबत होतेच. काठावर बसली की
लोकरी मोजे जमिनीपासून चार बोटं वर.

मी टेप काढली.
पेटीसकट सत्तावीस. पेटीविना अठरा.
तिचा गुडघा, अठरा.
मिटला हिशेब, मी म्हटलं.
ती म्हणाली, आता खिडकी मोजा.

सत्तावीसवर, उशीवरून, सुपीरिअर दिसतं,
मार्क्वेटच्या धक्क्याहून निघालेली
कच्च्या लोखंडाची जहाजं दिसतात,
एक दिवा पुढे, एक मागे,
मधे लांबच लांब काळोख.
त्या धक्क्यावर वाइनो एकतीस वर्षं होता.
अठरावर दिसते खिडकीची चौकट
आणि वर जरासं आभाळ.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक.
पण ते लांबीचं झालं.
उंचीचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.

"एक पायरी ठेवा की," डिलन म्हणाला.
"रात्री दोनला? अंधारात? पायरी?"
फोनमधून मार्लीनसुद्धा हसली.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग, "काढा."

पेटी एकदा करकरली आणि मिटली,
पन्नासएक वर्षांत पहिल्यांदा.
दम खायला आम्ही ती खिडकीपाशी टेकवली.
जिन्याचा अंदाज घ्यायला मी बाहेर गेलो,
परत येतो तो
लेम्पी तिच्यावर बसलेली, काठी मांडीवर,
दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले.

मी टेप काढली नाही.
नऊ आणि नऊ किती होतात
ते मलाही येतं.

निजून दिसणार नाही आता. ते गेलंच.
पट्ट्यांवर गादी अंथरली,
तिनं हातानं दाबून पाहिली,
"बरी आहे," म्हणाली, म्हणजे फार बरी नाही.
जुनी पेटी परत नेली की वीस डॉलर सूट असते.
ते वीस मी बिलातून खोडले.

ती वळून बाहेर बघत होती.
पाण्यावर तेव्हा काहीच नव्हतं.
"घाला आता बूट," ती म्हणाली.