काठाला काठ

मांकडबेननी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं:
आधी एक चपटी पट्टी,
मग तिचे दोन्ही काठ वर उचललेले,
मग काठाला काठ.
"इथून मेंदू, इथून पाठीचा कणा.
मिटायचं राहिलं, तर तिथं उघडं."
त्यांना वाटलं, मला कळणार नाही.
बेन, नऊ वर्षं दांडिया बाजारात फॉल-पिको करते मी.
दुमडायचं, काठ जुळवायचे,
याखेरीज मला येतं काय?

बाळ सहा तास होतं.
पालथं निजवलेलं, कमरेवर ओला गॉज.
खाली काय आहे, मी विचारलं नाही.
उसवलेलं मला झाकलं तरी ओळखू येतं.

सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात कातर धरलीस.
धरली होती. खोटं कशाला बोलू?
होळीची पौर्णिमा, पाटणकरांकडे दोन दिवसांवर साखरपुडा,
पडदा ओढून मी एक बाही कापली.
त्या बाहीचा आवाज पुढं वर्षभर कानात.
कर्र. कर्र.
कातर माळ्यावर टाकली.
गिऱ्हाइकाला म्हणायचे, फक्त फॉल. कापायचं काम नाही घेत.

"किती दिवसांत होतं हे?"
"अठ्ठावीस. दिवस राहिल्यापासून अठ्ठावीस,
तेवढ्यात मिटायचं ते मिटतं."
मी बोटांवर मोजलं.
अठ्ठाविसावा दिवस नवरात्रात पडत होता.
एकेका चणियाचोळीला आठ-आठ मीटर घेर,
रात्री दोनपर्यंत मशीन, मैदानावरून ढोल,
पाळी चुकून दोन आठवडे.
म्हटलं होतं, जागरणानं असेल.

म्हणजे कातर उचलायच्या पाच महिने आधीच
ती शिवण राहिली होती.
मला हसू आलं. मांकडबेन घाबरल्या.

कातरीचा दोष उठून गेला
तर त्या जागी दुसरा येऊन बसला:
एवढीशी पिवळी गोळी, फॉलिक अ‍ॅसिडची,
सरकारी दवाखान्यात फुकट.
मला मिळाली चौथ्या महिन्यात.
साडी नेसून झाल्यावर फॉल.
"तुला आधी कुणी सांगितलं होतं?"
"नाही."
"मग?"
एवढंच म्हणाल्या त्या. मग?

"आणि घेतली असती तर?"
"पुष्कळदा टळतं. दर वेळी नाही. खात्री देत नाही मी."
बरं वाटलं.
रंग जाणारच नाही म्हणणाऱ्याचं कापड
मी कधी घेत नाही.

खंडेराव मार्केटातून पालक आणते, चवळीची पालेभाजी आणते,
पण तुझं भाजीवर भागणार नाही, म्हणाल्या.
एकदा असं झालंय, तर तुला गोळी जास्त ताकदीची,
आणि राहायच्या तीन महिने आधीपासून.
बॉबिनच्या डबीत ठेवलीय.
आज तेहतिसावी.
जयवंत काही विचारत नाही,
पाण्याचा पेला मशीनवर ठेवून जातो, कापडापासून लांब.

कातर माळ्यावरून काढली. धार लावून आणली.

काल मोहित्यांची केतकी आली, लग्नाच्या ब्लाउजला.
छाती घेतली, कंबर घेतली.
मानेपासून खाली पाठीवर टेप सोडताना
माझा हात मधेच थांबला.
म्हटलं, एका गोळीचं नाव देते लिहून,
डॉक्टरांना विचार आणि आत्तापासून सुरू कर.
लाजली. "ताई, अजून तर काहीच नाहीये!"
"म्हणून तर," मी म्हटलं.
"हात वर कर. काखेचं माप राहिलंय."